स्प्रिंग कापणं म्हणजे लोअरिंग किट नव्हे

'किट कशाला? ग्राइंडरनं स्प्रिंगचा एक वेढा कापा, गाडी बसते.' लोअरिंग किट म्हणजे गाडीची उंची कमी करणाऱ्या आखूड स्प्रिंगांचा तयार संच. तो न घेता माझदा एमएक्स-5 सारखी छोटी स्पोर्ट्स कार घरी खाली करू पाहणाऱ्याला हा सल्ला वर्षानुवर्षं मिळतोय. तो चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

कापल्यावर स्प्रिंग मऊ होते, हा पहिला गैरसमज. उलट ती कडक होते, कारण वेढे कमी तितका ताठरपणा जास्त. 6 कार्यरत वेढ्यांतला 1 गेला की ताठरपणा सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो. खरी अडचण लांबीची. गाडी जॅकवर उचला, चाक पूर्ण खाली लोंबू द्या आणि स्प्रिंग हातानं हलवून पाहा. फार कापली असेल तर ती बैठकीत, म्हणजे तिची टोकं जिथे टेकतात त्या जागेत, खडखडते. रस्त्यावर चाक खड्ड्यावरून उडालं की तीच स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. गॅसनं कापली असेल तर उष्णतेनं पोलादाचं पाणीच उतरतं. चांगल्या किटची स्प्रिंग आखूड असूनही चाक लोंबताना बैठक सोडत नाही. पैसे त्याचेच असतात.

किट बसवतानाही एक चूक हमखास होते: कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) सांध्यातल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असतानाच आवळणं. मग गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी बोल्ट नुसते हातानं लावा, गाडीचा भार चाकांवर येऊ द्या, मगच टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळा. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करायलाच हवी. उंची बदलली की कॅम्बरही (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेरचा कल) बदलतो.