दाहसूचक रक्तप्रथिने

जंतुसंसर्ग, इजा किंवा प्रतिकारशक्तीतील बिघाड यांमुळे शरीरात दाह (इन्फ्लमेशन) सुरू झाला की रक्तातील काही प्रथिने वाढतात, काही घटतात. ती मोजून दाहाचा जोर आणि चढउतार अजमावला जातो. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, अशा तपासण्यांपैकी ‘सीआरपी’ आणि ‘ईएसआर’ तालुक्याच्या गावीही रोजच्या झाल्या आहेत. कोविडच्या साथीत फेरिटिन आणि डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा प्रथिनाचा तुकडा) हे शब्दही घरोघरी पोचले. ‘सीआरपी वाढेल शे’ असे अहिराणी बोलणारे नातेवाईक आता सहज सांगतात.

सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रथिन, १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना सापडले. न्यूमोनिया झालेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात न्यूमोकॉकस जंतूपासून काढलेले ‘सी’ पॉलिसॅकराइड (साखरेच्या साखळ्यांचा पदार्थ) मिसळले की साका तयार होई. रुग्ण बरा झाला की तो होईनासा होई. प्रथिनाच्या नावातला ‘सी’ तिथला. ते यकृतात बनते. दाहाच्या जागी पेशी इंटरल्युकिन-६ हा निरोप सोडतात, तो रक्तातून यकृतापर्यंत जातो आणि सहा ते आठ तासांत सीआरपी चढू लागते. सुमारे ४८ तासांत ते शिखर गाठते. कारण संपले की दर १९ तासांच्या आसपास त्याचे प्रमाण निम्मे होते. प्रतिजैविक लागू पडले की नाही हे दोन दिवसांत कळते ते या गुणामुळे. मात्र निरोप दातातून आला की फुफ्फुसातून, हे यकृताला समजत नाही. सीआरपी तेच बनते. म्हणून या आकड्यावरून रोगाचे नाव ठरवता येत नाही, आणि रुग्णाला न तपासता केवळ आकडा पाहून औषध लिहिणे चूकच म्हटले पाहिजे.

निरोगी माणसात सीआरपी बहुधा लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली असते. जिवाणूंच्या गंभीर संसर्गात ते १०० च्या वर जाऊ शकते. विषाणूजन्य तापात वाढ सहसा बेताची असते, पण अपवाद पुष्कळ. यकृत निकामी झालेल्या रुग्णात संसर्ग असूनही ते फारसे चढत नाही. उलट लठ्ठपणा, धूम्रपान, हिरड्यांचा जुना आजार यांत ते थोडे वर राहते.

लहान लॅबमध्ये ही तपासणी अजूनही काचपट्टीवर होते. काळ्या पट्टीवरील गोलात रक्तद्रवाचा एक थेंब, त्यावर प्रतिपिंड लावलेल्या लॅटेक्सच्या दुधी द्रावाचा थेंब. काडीने मिसळून पट्टी दोन मिनिटे हातात हळूहळू फिरवायची. सीआरपी लिटरला साधारण ६ मिलिग्रॅमच्या वर असेल तर दूध फाटल्यासारख्या बारीक गुठळ्या दिसतात. नेमके प्रमाण हवे असल्यास रक्तद्रव सलाइनने दुप्पट, चौपट, आठपट असा पातळ करत जातात. आठपटीपर्यंत गुठळ्या दिसल्या आणि पुढे दिसल्या नाहीत, तर आठ गुणिले सहा, म्हणजे ४८. सीआरपी अतिशय जास्त असेल तर पातळ न केलेल्या थेंबात गुठळ्या न होण्याची शक्यता असते, म्हणून आजारी दिसणाऱ्या रुग्णाचा ‘निगेटिव्ह’ नमुना पातळ करून पुन्हा बघावा. मोठ्या लॅबमध्ये द्रावाचा गढूळपणा यंत्र मोजते.

ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, हे प्रथिनांचे अप्रत्यक्ष मोजमाप. पोलंडचे एडमंड बिएरनात्स्की, स्वीडनचे रॉबिन फोरेउस आणि आल्फ वेस्टरग्रेन यांनी १८९७ ते १९२१ या काळात ते घडवले. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन दाहात वाढले की तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि उभ्या नळीत लवकर खाली बसतात. तासाभरात वर किती मिलिमीटर स्वच्छ द्रव उरला, तो आकडा म्हणजे ईएसआर. फायब्रिनोजेन सावकाश उतरत असल्याने आजार गेल्यावरही तो काही आठवडे चढा राहतो.

इथे खानदेशचा उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि उष्ण खोलीत पेशी वेगाने खाली बसून आकडा फुगतो. नळी जरा कलली तरी तसेच. याउलट, दूरच्या उपकेंद्रावर सकाळी काढलेले रक्त संध्याकाळी लॅबला पोचले, तर पेशी फुगीर होऊन आकडा खोटा उतरतो. खोलीच्या तापमानात ठेवलेल्या रक्ताचा ईएसआर चार तासांच्या आत लावावा.

सातपुड्यातील तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या तालुक्यांत भिल्ल व पावरा समाजात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, आढळतो. त्यामुळे हे आकडे वाचताना विशेष सावधगिरी लागते. विळ्याच्या आकाराच्या पेशींची चवड रचली जात नाही. म्हणून सिकलग्रस्त रुग्णात जोरदार दाह असूनही ईएसआर कमी दिसू शकतो. साधा रक्तक्षय ईएसआर वाढवतो, सिकल पेशी तो दाबतात. एकाच मुलात दोन्ही असतील तर त्या आकड्यावर विसंबता येत नाही. हॅप्टोग्लोबिन हे प्रथिनही दाहात वाढते, पण फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन उचलण्यात ते खर्च होते आणि सिकल रुग्णात कमीच सापडते. सीआरपी त्या मानाने भरवशाचे, तरी वेदनेच्या झटक्यात संसर्ग नसतानाही ते चढते. रुग्ण बरा असताना एकदा मोजून कार्डावर लिहून ठेवलेले सीआरपी पुढे तुलनेला फार उपयोगी पडते. या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि मग ज्याच्या निमित्ताने सीआरपी सापडले त्याच न्यूमोकॉकसचा धोका सर्वांत मोठा असतो. सिकलग्रस्त मुलाला ताप आला तर रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करणे आवश्यक आहे.

फेरिटिन हे शरीरातील लोहसाठ्याचे प्रथिन. तेही दाहात वाढते. त्यामुळे लोह कमी असलेली, पण अंगात संसर्ग मुरलेली बाई रिपोर्टवर ‘नॉर्मल’ दिसते आणि तिची लोहाची गोळी राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांत एरवी लिटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता. संसर्ग वा दाह असेल तर ही मर्यादा ७० धरावी. पाच वर्षांखालील मुलांत हेच आकडे १२ आणि ३०. वारंवार रक्त चढवलेल्या सिकल रुग्णात मात्र वाढलेले फेरिटिन खरोखर साचलेल्या लोहाचेही असू शकते.

अल्ब्युमिन हे रक्तातले सर्वांत मुबलक प्रथिन दाहात घटते. नंदुरबारच्या संदर्भात कुपोषणाची चर्चा सतत होते, आणि कमी अल्ब्युमिन म्हणजे कमी खाणे असा अर्थ अनेकदा लावला जातो. तो पुरेसा नाही. हाडांचा सापळा झालेल्या मुलात ते जवळपास ठीक असू शकते, आणि बरे खाणाऱ्या पण न्यूमोनिया झालेल्या मुलात उतरलेले. जोडीला सीआरपी पाहिले तर उलगडा होण्यास मदत होते.

हृदयविकाराचा धोका अजमावण्यासाठी अतिसंवेदनशील सीआरपी (अगदी कमी प्रमाणही टिपणारी तपासणी) मोजतात : लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर अधिक. सर्दी-तापात ही तपासणी करू नये.

धडगावचा रुग्ण आधी नंदुरबारला, मग धुळ्याला जातो आणि प्रत्येक ठिकाणी नवा कागद मिळतो. कुठे सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये छापतात, कुठे डेसिलिटरमागे. कालच्या कागदावर ४.८ आणि आजच्यावर ४८ असेल, तर आकड्यापुढचे एकक आधी वाचावे. दोन्ही आकडे एकच असू शकतात.