वल्ही पाण्याबाहेर असताना होडी जास्त वेगाने का जाते?

१३ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ द जानेरोच्या लागोआ सरोवरात ऑलिंपिकमधील पुरुषांच्या एकेरी रोइंगची अंतिम शर्यत झाली, आणि न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल व क्रोएशियाचा दामिर मार्तिन या दोघांचीही वेळ ६ मिनिटे ४१.३४ सेकंद भरली. सुवर्णपदक मात्र एकालाच, ड्रायस्डेलला मिळाले. (नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ याच प्रकारात उतरला होता आणि एकूण क्रमवारीत तेरावा आला.)

शर्यत २,००० मीटरची असते आणि अंतिम फेरीत सहा होड्या आपापल्या मार्गिकेतून धावतात. सुरुवातीला तरंगत्या फलाटावर पालथे पडलेले मदतनीस प्रत्येक होडीचे मागचे टोक हाताने धरून ठेवतात, म्हणजे सगळ्यांची पुढची टोके एका रेषेत राहतात. लाल दिव्याच्या जागी हिरवा लागला की होड्या सुटतात आणि पंचांची मोटारबोट त्यांच्या मागे निघते.

काठावरून एकाच होडीवर नजर ठेवली, तर ती सलग न जाता हिसक्याहिसक्याने पुढे जाताना दिसते. वल्ही पाण्यात ओढली जात असताना होडी सर्वांत वेगात असेल असे आपण धरून चालतो, पण प्रत्यक्षात तिचा वेग सर्वाधिक असतो तो वल्ही हवेत असताना. खेळाडूची पाठ शर्यतीच्या दिशेला असते, त्याचे पाय होडीला जखडलेले असतात आणि बैठक रुळांवर सरकते. पुढच्या फटक्यासाठी गुडघे दुमडत तो होडीच्या मागच्या टोकाकडे सरकतो, तेव्हा खरे तर तो पायांनी होडीच आपल्याखाली ओढून घेत असतो. एकेरी होडीचे किमान वजन जेमतेम १४ किलो आणि खेळाडू नव्वद-शंभर किलोचा. त्यामुळे जड शरीर एका दिशेला सरकले की हलकी होडी विरुद्ध दिशेला, म्हणजे पुढे, झेपावते. वल्ही पुन्हा पाण्यात शिरताना तो पायांनी रेटा देतो आणि तेवढ्यापुरती होडी मंदावते.

हे चढउतार महाग पडतात. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती खर्ची पडते. या हिशेबाने समान वेगाने वल्हवणेच फायद्याचे. तरीही बहुतेक जण सुरुवातीला जोरात सुटतात, कारण पाठमोऱ्या बसलेल्या खेळाडूला पुढे गेल्याशिवाय प्रतिस्पर्धी नीट दिसतच नाहीत, आणि माझ्या मते हे कारण श्रमाच्या हिशेबापेक्षा कमी महत्त्वाचे नाही.

निकाल ठरतो तो होडीच्या टोकावरील छोट्या रबरी चेंडूने रेषा कधी गाठली यावरून. रिओतील त्या दोघांचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर होता, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात होडी जेमतेम ५ सेंटिमीटर सरकते. अंतिम रेषेवरचा कॅमेरा नेहमीसारखे छायाचित्र घेत नाही. तो फक्त रेषेवरची अरुंद फट सेकंदाला हजारो वेळा टिपतो आणि त्या चिरा शेजारी-शेजारी जोडतो, त्यामुळे त्या चित्रातील डावे-उजवे अंतर हे अंतर नसून वेळ असते. अशा चुरशीत कोणाची होडी झेपेत आहे आणि कोणाची मंदावली आहे यावरही पदक ठरू शकते, आणि रेषेच्या दोन मीटर पलीकडे उभा असलेला प्रेक्षक हरलेलीच होडी पुढे होती असे शपथेवर सांगू शकतो.