फॅक्स व्यवहार, दवाखान्यांतील

रुग्णाला दाखल करून न घेता उपचार करणाऱ्या दवाखान्यांत फॅक्सने येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची छाननी, वाटणी व जतन करण्याची पद्धत. प्रस्तुत विवेचन मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यवहाराचे आहे.

फॅक्स यंत्राचा उगम कोठे मानावा याबद्दल मतभेद आहेत. स्कॉटिश घड्याळजी अलेक्झांडर बेन याचे १८४३ चे ब्रिटिश पेटंट बहुतेक कोशांत आरंभ म्हणून येते. फ्रेडरिक बेकवेल याचे फिरत्या दंडगोलाचे यंत्र १८५१ च्या लंडन प्रदर्शनात मांडले होते व रचनेने ते नंतरच्या यंत्रांना अधिक जवळचे आहे. पॅरिस–लीआँ मार्गावरील जोव्हान्नी कासेल्लीची सेवा १८६५ ची. दवाखान्यापुरते बोलायचे तर हे तिन्ही दावे दूरचेच. झेरॉक्सच्या १९६६ मधील यंत्राला एका पानास सुमारे ६ मिनिटे लागत. सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय समितीच्या १९८० च्या ‘ग्रुप ३’ प्रमाणाने हा वेळ मिनिटाच्या आसपास आला आणि वेगवेगळ्या उत्पादकांची यंत्रे निर्धोकपणे एकमेकांशी जुळू लागली. त्यामुळे वैद्यकीय फॅक्सचा आरंभ याच सुमारास धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

येणाऱ्या कागदांत तज्ज्ञांकडील पत्रे, प्रयोगशाळेचे अहवाल, औषध पुन्हा देण्याबाबत औषधदुकानांची विचारणा आणि विमा कंपन्यांचे पूर्वमंजुरीचे अर्ज असतात. नाव व जन्मतारीख दोन्ही जुळल्यावरच पान रुग्णाच्या नोंदीला जोडावे, असा दंडक आहे. पाठवताना गोपनीयतेची सूचना असलेले मुखपृष्ठ लावतात. नेहमीचे क्रमांक यंत्रात आधीच भरून ठेवतात व अधूनमधून पडताळतात. यंत्राने छापलेली पोच मात्र जपून वाचावी लागते. पलीकडच्या यंत्राने पान स्वीकारले एवढेच ती सांगते. डॉक्टरांनी ते पाहिले की ते ट्रेमध्ये पडून राहिले, हे तिच्यावरून कळत नाही.

फॅक्स ‘इलेक्ट्रॉनिक’ आहे काय, हा प्रश्न वरवर शाब्दिक वाटला तरी फॅक्सच्या दीर्घायुष्याचे एक कारण त्यात दडले आहे. रुग्णांच्या आरोग्यविषयक माहितीच्या संरक्षणासंबंधीच्या १९९६ च्या हिपा या अमेरिकी कायद्याखालील व्याख्येनुसार, पाठवण्यापूर्वी मजकूर इलेक्ट्रॉनिक रूपात नसेल तर कागदी फॅक्स हे इलेक्ट्रॉनिक माध्यमातील प्रेषण ठरत नाही, म्हणजेच कायद्याचा सुरक्षा नियम त्याला लागू होत नाही. संगणकावरील नोंदीतून थेट पाठवलेला फॅक्स या सवलतीत बसत नाही. गोपनीयतेचा नियम दोन्हींना सारखाच लागू आहे. तो उपचारासाठी एका डॉक्टरने दुसऱ्याला फॅक्स करण्यास मनाई करत नाही, वाजवी खबरदारी मागतो. कर्मचाऱ्यांची सवय हे नेहमी दिले जाणारे कारण या व्याख्येपुढे दुय्यम मानावे लागते. नोंद ठेवणाऱ्या संगणकप्रणाली परस्परांशी नीट जुळत नाहीत, हेही फॅक्सच्या पथ्यावर पडले. २०२० पर्यंत दवाखाने फॅक्समुक्त व्हावेत, असे आवाहन मेडिकेअर या अमेरिकी सरकारी आरोग्यविमा योजनेच्या तत्कालीन प्रशासक सीमा वर्मा यांनी २०१८ मध्ये केले होते. ते साध्य झाले नाही.

इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेने जानेवारी २०१९ पासून फॅक्स यंत्रांची खरेदी बंद केली. जर्मनीत ब्रेमेनच्या माहितीसंरक्षण आयुक्तांनी २०२१ मध्ये वैयक्तिक माहितीसाठी फॅक्स असुरक्षित ठरवला.

भारतातील २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांत फॅक्सचा उल्लेख ईमेलच्या जोडीने येतो. आपल्याकडे अहवाल बहुधा रुग्णाच्या पिशवीतून किंवा व्हॉट्सॲपवरून डॉक्टरांपर्यंत पोचतो.