पोर्ट बदलायचा कुठे? एसएसएच कॉन्फिग आणि एसएसएचडी कॉन्फिग

एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय, आणि पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांक असलेलं दार. लिनक्सवर इटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या एसएसएच फोल्डरमध्ये डोकावलं की दोन फाइली शेजारीशेजारी दिसतात: एसएसएच_कॉन्फिग आणि एसएसएचडी_कॉन्फिग. फरक एका ‘डी’चा. त्यात दोन्हींमध्ये ‘पोर्ट २२’ अशी ओळ, आणि दोन्हींत तिच्यापुढे हॅश (#), म्हणजे ती ओळ बंद. घाईत भलती फाइल उघडली तरी शंका येत नाही, कारण हवी ती ओळ समोर असतेच.

डीवाली फाइल सर्व्हरची. बाहेरून येणाऱ्यांसाठी हे मशीन कुठल्या पोर्टवर कान देऊन बसेल, ते ती ठरवते. बिनडीची क्लायंटची. इथून कोणी दुसऱ्या मशीनवर निघालं तर तिथला कुठला पोर्ट गाठायचा, ते तिच्यात. वाड्याचं कुठलं दार उघडं ठेवायचं हे मालक बघतो, कुठलं वाजवायचं हे पाहुणा.

घोळ होतो तो एकाच मशीनवर दोन्ही फाइली असल्यामुळे. सर्व्हरही कधीतरी पाहुणा होऊन जातोच. समजा अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचा सर्व्हर आहे. ड्रॉइंग आणि हिशेब त्यावर, आणि रोज रात्री आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या कमांडने, एसएसएचवरून, नाशिक रोडच्या ऑफिसात बॅकअप जातो. पोर्ट २२२२ करायचा म्हणून कोणी त्या सर्व्हरवरची बिनडीची फाइल बदलली, तर दिवसभर काहीच जाणवत नाही. कॉलेज रोडवर घरी बसून लॉगिन केलं तर ते जुन्याच २२ वर बिनबोभाट होतं. रात्री मात्र बॅकअप नाशिक रोडच्या मशीनचा २२२२ शोधत जातो, तिथे कोणी ऐकत नसतं, आणि लॉगमध्ये ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ पडतं. मग दोन दिवस नाशिक रोडच्या राउटरला शिव्या. बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

ओळखायची खूण सोपी आहे. डेबियन-उबंटूवर बिनडीच्या फाइलमध्ये ‘होस्ट’ आणि पुढे चांदणी (*, म्हणजे कुठलंही मशीन) अशी ओळ असते, बाकीच्या ओळी तिच्याखाली आत सरकवलेल्या. डीवाल्या फाइलमध्ये ‘परमिट रूट लॉगिन’सारख्या (रूट म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर), आत कोणाला घ्यायचं ते सांगणाऱ्या ओळी दिसतात.

बदल लागू व्हायची तऱ्हाही वेगळी. क्लायंटची फाइल सेव्ह केली की पुढच्या कमांडपासून ती चालू. तिथे आधी कमांडमध्ये दिलेला पोर्ट, मग युजरच्या होम फोल्डरमधली कॉन्फिग, शेवटी ही सिस्टिमची फाइल असा क्रम असतो आणि पहिली सापडलेली किंमत टिकते. म्हणून एकाच सर्व्हरचा पोर्ट बदलला असेल तर सिस्टिमच्या फाइलला हातच लावू नये. आपल्या होममधल्या कॉन्फिगमध्ये त्या होस्टच्या नावाखाली पोर्ट लिहावा.

सर्व्हरच्या फाइलला मात्र सर्व्हिस रिस्टार्ट लागते, आणि इथे पोर्टच्या ओळींची बेरीज होते. २२ आणि २२२२ अशा दोन ओळी लिहिल्या तर दोन्ही पोर्ट उघडे राहतात. बदल करताना हीच सोय वापरावी: आधी दोन्ही ठेवायचे, नव्यावर लॉगिन जमलं की २२ काढायचा. काढूनही २२ उघडाच दिसला तर एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरमध्ये कोणी ओळ ठेवली आहे का, ते बघा. रिस्टार्टआधी एसएसएचडी या सर्व्हर प्रोग्रॅमला स्मॉल ‘-टी’ देऊन फाइल तपासावी आणि चालू सेशन बंद करू नये. रिस्टार्टने ते सहसा तुटत नाही, आणि काही फसलं तर तेवढीच वाट उरते. उबंटू २४.०४ वर एसएसएचडीऐवजी सिस्टिमडीचा (सर्व्हिसेस चालवणारा प्रोग्रॅम) सॉकेट पोर्टवर आधी ऐकतो, त्यामुळे सिस्टिमडीला डीमन-रीलोड करून एसएसएच.सॉकेट रिस्टार्ट करावा लागतो. फायरवॉलमध्ये नवा पोर्ट आधी उघडा. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर एसई-लिनक्स या सुरक्षा पहारेकऱ्यालाही सेमॅनेज कमांडने तो कळवावा लागतो, नाहीतर सर्व्हिस त्या पोर्टवर बसतच नाही.

आता, पोर्ट बदलला म्हणजे सर्व्हर सुरक्षित झाला, हे मला पटत नाही. २२ हा आकडा एसएसएचचे जनक टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एफटीपी आणि टेलनेट या जुन्या सेवांच्या २१ आणि २३ यांच्यामधली मोकळी जागा बघून मागून घेतला, आणि तेव्हापासून तो जगजाहीर आहे. तो सोडला तर लॉगमधली आंधळी टकटक (आपोआप चालणारे लॉगिनचे प्रयत्न) कमी होते, इतकंच. पासवर्ड बंद करून ‘की’, म्हणजे लॉगिनची चावी असलेली फाइल, वापरणं हे खरं काम, आणि तेही डीवाल्या फाइलमध्येच होतं.

क्लायंटकडचा एक चकवा राहिला. एसएसएच कमांडला पोर्ट स्मॉल ‘पी’ने द्यायचा, एससीपी या फाइल कॉपी करणाऱ्या कमांडला कॅपिटल ‘पी’ने. एससीपीत स्मॉल ‘पी’ म्हणजे फाइलच्या मूळ वेळा जपणं. तिथे पुढे २२२२ लिहिलं तर एससीपी त्या नावाची फाइल शोधू लागते आणि सापडत नाही म्हणून ओरडते.