एक्सेंट्रिक म्हणजे वेडा नव्हे (भाषांतराला कागद देण्याआधी वाचा)

नमस्कार मंडळी, आमच्याकडे इंग्रजी करायला जे अर्ज, पत्रं, कोर्टाचे कागद येतात त्यात "स्वभावाने जरा विक्षिप्त" हे हमखास असतं आणि त्याला इंग्रजीत काय लिहायचं यावरून काउंटरवर सारखी हुज्जत होते, म्हणून हा कागद छापलाय.

शब्द आहे एक्सेंट्रिक. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला दोन सी. मूळ ग्रीक, अर्थ केंद्र सोडून असलेला. वर्कशॉपवाल्यांना सांगायलाच नको, पॉवर प्रेसच्या शाफ्टचा एक्सेंट्रिक भाग मुद्दाम मध्यापासून सरकवलेला असतो म्हणून तर गोल फिरणाऱ्या शाफ्टवर रॅम, म्हणजे दाब देणारा भाग, वरखाली होतो. मशीन बिघडलेलं नसतं. माणसाचंही तेच. आपला तऱ्हेवाईक अगदी फिट बसतो, चक्रमही चालेल पण तो जरा घरगुती झाला.

मागे एका कस्टमरने आजोबांबद्दल लिहून आणलेलं, आजोबा भर मे महिन्यात कानटोपी घालायचे, एसटीची तिकिटं तारीखवार लावून लोणच्याच्या बरणीत ठेवायचे. मोबाईलच्या भाषांतराने त्यांना सरळ इन्सेन, म्हणजे वेडा, करून टाकलं! आणि कागद कशाचा, तर मृत्युपत्राच्या भांडणाचा. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ५९ प्रमाणे मृत्युपत्र करणारा साउंड माइंडचा, म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला लागतो, मग इन्सेन लिहिलं की समोरच्या वकिलाला आयताच मुद्दा मिळाला ना. कानटोपीने मृत्युपत्र रद्द होत नाही.

एक्सेंट्रिक म्हणजे कायमची तऱ्हा. एरवी शांत असलेला माणूस एकदाच भडकला तर ते वागणं अनकॅरॅक्टरिस्टिक, आणि आज एक उद्या दुसरं, कशाचाच नेम नाही असं असेल तर इरॅटिक. अ‍ॅबनॉर्मल लॅबच्या रिपोर्टमध्ये ठीक आहे, माणसाला लावू नका, लागतं मनाला.

इंग्रजीत एक्सेंट्रिक बरेचदा हसत, थोडं लाडाने म्हणतात, पैसेवाला असेल तर एक्सेंट्रिक आणि कफल्लक असेल तर वेडा अशी त्यांच्यातच चेष्टा आहे. तरी नोकरीच्या शिफारसपत्रात आम्ही तो घालत नाही, एचआरवाले लाड करत नाहीत.

हिंदी करून हवं असेल तर अजून जपून, कारण तिकडे विक्षिप्त म्हणजे डोकं फिरलेला, आम्ही तिथे सनकी घेतो.

तेव्हा कागद देताना नुसतं विक्षिप्त लिहून देऊ नका, माणूस नेमकं काय करायचा ते बाजूला पेन्सिलीने एका ओळीत लिहा, शब्द आम्ही शोधतो.