घराच्या वेळापत्रकात घट्ट काय, सैल काय

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचं कारण. पालकांना मात्र आधी आठवली ती रिक्षा, डबा आणि स्वतःची ऑफिसला निघायची वेळ. साहजिकच आहे. घरात एकाची वेळ सरकली की सगळ्यांची सरकते. मग कुणीतरी हौसेने पाच-पाच मिनिटांचं वेळापत्रक आखून फ्रिजवर लावतं आणि ते आठवडाभरही टिकत नाही. त्यातली प्रत्येक ओळ सारखीच घट्ट असते, ही त्यातली चूक. शरीराच्या लेखी सगळ्या वेळा सारख्या महत्त्वाच्या नसतात. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

दोन्ही डोळ्यांच्या चेता मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर सुमारे २०,००० चेतापेशींचा पुंजका असतो. हे शरीराचं मुख्य घड्याळ. त्यातली प्रत्येक पेशी स्वतंत्रपणेही वेळ मोजू शकते. पेशीतलं ‘पिरियड’ जनुक वाचलं जातं आणि त्यापासून प्रथिन तयार होतं. हे प्रथिन साठत जातं, क्रिप्टोक्रोम नावाच्या जोडीदारासह केंद्रकात शिरतं आणि आपल्याच जनुकाचं वाचन थांबवतं. हळूहळू प्रथिन नष्ट होतं, जनुक पुन्हा मोकळं होतं. या एका फेरीला लागतो जवळपास एक दिवस! फळमाशीवर काम करून ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

‘जवळपास’ हा शब्द इथे मोलाचा आहे. माणसाची फेरी सरासरी २४ तास १० मिनिटांच्या आसपास भरते. म्हणजे बहुतेकांचं घड्याळ रोज थोडं मागे पडतं आणि रोज लावावं लागतं. ते लावतो प्रकाश. डोळ्याच्या पडद्यातल्या काही खास पेशी निळसर उजेड टिपून थेट त्या पुंजक्याला कळवतात. उजेड पोचला की पिरियड जनुकाचं वाचन वाढतं. रात्रीच्या सुरुवातीला हे वाचन उतरणीला लागलेलं असतं. तेव्हा भर पडली की उतरण लांबते आणि घड्याळ मागे जातं. पहाटेच्या सुमारास चढण सुरू व्हायची असते. तेव्हाच्या उजेडाने ती लवकर सुरू होते आणि घड्याळ पुढे येतं. एकच उजेड, पण वेळ बदलली की परिणाम उलटा. मला तर जीवशास्त्रातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

आता रविवार बघा. रोज सातला उठणारी मुलगी पडदे ओढून दहापर्यंत झोपते. सकाळचा उजेड बुडतो, रात्री मोबाइल-टीव्हीच्या पडद्याचा उजेड मिळतो, घड्याळ मागे सरकतं आणि सोमवारी सातला तिचं शरीर अजून रात्रीतच असतं. टिल रोएनेबर्ग या जर्मन संशोधकाने याला ‘सोशल जेटलॅग’ म्हटलं.

म्हणून घट्ट खुंटी एकच: उठण्याची वेळ आणि त्यानंतरचा बाहेरचा उजेड. रविवारी तासभर उशीर चालेल, तीन तास नको. गॅलरीत दहा-पंधरा मिनिटं दूध-चहा घेतला तरी चालतं, कारण ढगाळ दिवशीही बाहेर घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड असतो. त्याखालोखाल जेवणाच्या वेळा. बाकीचे वेळेचे कप्पे खुशाल सैल ठेवा. अभ्यास ‘सहा वाजता’ नको, खेळून आल्यापासून जेवणापर्यंत कधीही होऊ दे. पाहुणे आले तर कप्पा आखडेल, मोडणार नाही.

कप्पे वाटताना वयही बघा. पौगंडावस्थेत घड्याळ उशिराकडे झुकतं, म्हातारपणी लवकरकडे. आजोबा पहाटेच जागे असतात, तर दूध आणणं आणि भाजी निवडणं त्यांच्या कप्प्यात आपसूक बसतं. दहावीतल्या नातवाला मात्र त्यांच्याबरोबर पाचला उठवून पुस्तकासमोर बसवणं म्हणजे त्याची झोप कापणं. तो आळशी नाही.

‘रात्री अकरा ते एक यकृत शुद्ध होतं, तीन ते पाच फुप्फुसं’ असा तक्ता मोबाइलवर सतत फिरत असतो. त्याला शास्त्रीय आधार नाही. यकृताच्या पेशींत घड्याळ आहे हे खरं, पण ते बरंचसं जेवणाच्या वेळेवर चालतं. पाचला उठल्याने यश मिळतं हेही तसंच. किती वाजता उठलात यापेक्षा झोप किती झाली आणि वेळ रोजची आहे का, हे महत्त्वाचं.

घरात कुणी रात्रपाळीला असेल तर हे गणित उलटं मांडावं लागतं. सकाळी घरी परतताना गडद चष्मा, झोपायच्या खोलीत काळोख आणि दारावरची बेल बंद. अशा घरात सगळ्यांचा मिळून घट्ट कप्पा सकाळी ठेवू नका, तो पाळीला निघण्याआधीच्या संध्याकाळच्या जेवणाला ठेवा.