व्ही.पी. नाकारली तर पोस्ट खटला भरतं?

खानापूर, निपाणीकडच्या गावांत व्ही.पी.बद्दल (व्हॅल्यू पेएबल, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन सोडवायचं पार्सल) अजून ऐकू येतं आणि फॉरवर्डही होतं : ‘नावावर व्ही.पी. आली की पैसे भरून घ्यावीच लागते, नाहीतर पोस्ट केस करतं.’

तसं नाही. व्ही.पी. भारतात १८७७ पासून आहे. पुण्या-मुंबईची पुस्तकं, औषधं आपल्या सीमाभागातल्या खेड्यांपर्यंत अशीच यायची. पाठवणारा रक्कम लिहून देतो, पोस्टमन ती घेऊन पार्सल देतो आणि पैसे पाठवणाऱ्याकडे जातात. यात पोस्ट फक्त मध्यस्थ. १८९८ च्या टपाल कायद्यातही, तुमच्याकडून रक्कम मिळेपर्यंत पोस्टावर तिची जबाबदारी नव्हती. मग पोस्टाचं तुमच्याकडे येणं निघेल कुठून? ‘नको’ म्हटलंत की पोस्टमन ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारतो आणि पार्सल परत जातं.

गल्लत बहुधा कोर्टाच्या रजिस्टर नोटिशीमुळे होते. ती नाकारली तरी मिळाली असं कोर्ट धरू शकतं. व्ही.पी. ही नोटीस नव्हे, खरेदी आहे.

खात्री करायची तर पार्सल हातात घेण्याआधी वरचं पाठवणाऱ्याचं नाव आणि वसुलीची रक्कम वाचा, घरात कुणी मागवलंय का विचारा. पैसे भरण्याआधी फोडता येत नाही, म्हणून हे आधीच करायचं. शंका उरलीच तर पोस्टमास्तरांना विचारा. मात्र स्वतः मागवलेलं उगाच परत करू नका, टपालखर्च बिचाऱ्या विक्रेत्याच्या अंगावर पडतो.